शिकार आणि बस्ता

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज दुपारच्या सत्रात बस्त्याच्या मर्यादेविषयीचा एक ठराव आपणांपुढे यावयाचा आहे. ठराव म्हटला की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात आणि निम्मी सभा पान खावयास म्हणून बाहेर जाते ती परत येत नाही, असा चिटणिसांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. म्हणून, 'ठरावाच्या आधी तुम्ही काही हलकेफुलके बोला, म्हणजे मंडळी जागेवर राहतील', अशी आज्ञा त्यांनी आम्हांस केली. पूर्वी हाक्याच्या शिकारीत सावज बाजूने निसटू नये म्हणून दोन्ही कडांच्या झाडांवर माणसे बसवून ठेवीत. सावज तिकडे वळले की त्यांनी झाडाच्या बुंध्यावर हलकेच टकटक करावयाची. आरडाओरडा नाही, दगडफेक नाही. आमचे आजचे काम तेवढेच आहे, आणि आमचा विषयही त्यामुळे आपोआपच ठरून गेला.

पुण्यामुंबईस किंवा समुद्रापलीकडे वाढलेल्या आपल्या तरुण मंडळींसाठी प्रथम सांगितले पाहिजे की, बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची एकगठ्ठा खरेदी. वधूचा शालू, वराचे कपडे, दोन्हीकडच्या आयाबहिणींची लुगडी, मामाचा मान, आत्याचा मान, आणि ज्यांचा मान कशाबद्दल हे कोणासच आठवत नाही अशा चाळीस-पन्नास मंडळींचा मान, हे सारे एका दिवसात, एका दुकानात, एका बैठकीत उरकावयाचे असते. 'उरकावयाचे' हा शब्द अर्थातच पुरुषांचा आहे. बस्ता बांधावयास जीपगाड्या भरून माणसे निघतात. नवरा मुलगा व नवरी मुलगी यांना त्यात पुष्कळदा शेवटच्या बाकावर जागा मिळते.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या पुतणीचा बस्ता अमरावतीस झाला. एका कापडाच्या दुकानात पांढऱ्याशुभ्र गादीवर लोडाला टेकून आम्ही सकाळी अकरा वाजता बसलो ते दुपारी चारपर्यंत बसून होतो. पाय आखडले होते, बोलण्याची मनाई होती, आणि समोर काय चालले आहे ते आम्हांस कळत नव्हते. अशा स्थितीत आपण पूर्वी कधीतरी बसलो होतो असे सारखे वाटत होते. चौथ्या चहाच्या वेळी आठवले: मचाण!

१९६६ च्या सुमारास आम्ही नऊ-दहा वर्षांचे होतो. आमचे थोरले काका, म्हणजे याच पुतणीचे आजोबा, राहत अकोटास. पण शेती होती नरनाळ्याच्या पायथ्याकडे. पिकाच्या रक्षणासाठी त्यांच्याजवळ परवान्याची बंदूक असे, आणि शिकारीचा परवानाही त्या काळी मिळत असे. हरभऱ्यात सांबरे उतरू लागली म्हणून काकांनी बांधावरच्या मोहाच्या झाडावर मचाण बांधले व आमच्या हट्टामुळे एका रात्री आम्हांसही वर घेतले. त्यांनी तीनच गोष्टी बजावल्या होत्या. बोलावयाचे नाही, हलावयाचे नाही, आणि वारा आपल्याकडून सावजाकडे वाहत असेल तर बसण्यात काही अर्थ नाही हे समजून घ्यावयाचे. पहाटे तीनच्या सुमारास एक मोठे शिंगाडे सांबर झाडीच्या सावलीतून चांदण्यात आले. एक पाय उचलून ते उभे राहिले. काकांनी बंदूक खांद्यास लावली, आणि आम्ही शिंकलो.

काका एक शब्दही बोलले नाहीत. बैलगाडीने आम्ही परत निघालो, दिवस उजाडला, उन्हे वर आली, तरी ते बोलले नाहीत. अकोटात शिरल्यावर मात्र गाडी खाटकाच्या दुकानापुढे थांबली. रिकाम्या हाताने घरी कसे जावे? पळसाच्या पानांत बांधलेले ते मटण काकांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवले आणि 'सांबर आहे' एवढेच सांगितले. आजीने पाने सोडली, एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि विचारले, "काऊन रे, हे सांबर सत्तुरानं मेलं का?"

शिकार आणि खरेदी यांत फारसे अंतर नाही, हे ज्ञान आम्हांस प्रथम तेथे झाले.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाची योजना आली, आणि देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांत आपल्या मेळघाटाचा समावेश झाला. बंदुका भिंतीवर टांगल्या गेल्या. ते योग्यच झाले. या बाबतीत आमच्या मनात किंतु नाही. १९७२ हेच साल महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजनेचेही. एकाच वर्षी वाघालाही संरक्षण मिळाले आणि कापूस पिकवणाऱ्यालाही. त्यांपैकी वाघाचे टिकले.

असो. कायद्याने शिकार थांबते, परंतु शिकारीची वृत्ती थांबत नाही. आमच्या मते ती जंगलातून उठली आणि सरळ कापडबाजारात येऊन बसली.

विद्वान श्रोत्यांना हे विधान धाडसाचे वाटेल; म्हणून आधार देतो. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजांच्या व्यसनांचा विचार केला आहे आणि मृगया वाईट की द्यूत अधिक वाईट, असा वाद मांडला आहे. त्यात त्याने मृगयेची बाजू घेतली. शिकारीने व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर व चल लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो, आणि प्राणी कोपला असता वा भ्याला असता त्याच्या मनात काय चालते ते कळू लागते, असे तो सांगतो. आता आमच्या सौभाग्यवतींकडे पाहा. जयस्तंभ चौकापासून जवाहर गेटपर्यंत आणि तेथून पुन्हा मागे अशा त्यांच्या फेऱ्या झाल्यावर मेद कोणाचा झडतो हे सांगावयास नको. दुकानदार भाव सांगताना डावीकडे पाहतो की उजवीकडे, यावरून त्याच्या अंतःकरणात अजून किती रुपये कमी होण्याजोगे आहेत हे त्या ओळखतात. चल लक्ष्याविषयी म्हणाल तर, विक्रेता शेल्याची घडी उलगडून पुन्हा मिटेपर्यंत जो क्षण जातो त्यात काठातील सुटलेला धागा हेरणे हे धावत्या हरणावर नेम धरण्याहून सोपे नाही.

आणि आमच्यासारख्यांची अवस्था? ती कालिदासाने शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात आधीच लिहून ठेवली आहे. दुष्यंताच्या मागे रानोमाळ फिरून कंटाळलेला विदूषक आपले गाऱ्हाणे सांगतो: भर उन्हात एका रानातून दुसऱ्या रानात जावयाचे, मिळेल ते पाणी प्यावयाचे, अवेळी खावयाचे, सांधे निखळतात, आणि पहाटे झोपही लागू देत नाहीत. रानाच्या जागी दुकान घातले की हे भाषण अकोल्याच्या टिळक मार्गावर पिशव्या धरून उभ्या असलेल्या कोणत्याही गृहस्थाच्या तोंडी जसेच्या तसे शोभेल. सेनापती शिकारीची स्तुती करतो, तरी राजा विदूषकाच्या बोलण्याने शिकार थांबवतो; आमचे मात्र कोणी ऐकत नाही. इतक्या शतकांत फरक पडला तो एवढाच.

आता मूळ प्रसंगाकडे येतो.

शिकारीत सर्वांत महत्त्वाचा तो वारा, हे काकांचे वचन सांगितलेच आहे. खरेदीतही तसेच आहे. आपणांस अमुक वस्तू हवी आहे याचा वास दुकानदारास लागला की भाव कान टवकारतो आणि एका उडीत टप्प्याबाहेर जातो. म्हणून जाणत्या स्त्रिया हव्या असलेल्या वस्तूकडे कधी पाहतच नाहीत. त्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी तिसऱ्याच थप्पीत एक जांभळा शालू हेरला होता. तो हेरला हे आम्हांस नंतर कळले. कारण त्यानंतरचे दोन तास त्या हिरव्याविषयी बोलत होत्या. हिरव्याचा पोत पाहिला, हिरव्याचा पदर पाहिला, हिरव्यात दुसरा काठ आहे का विचारले, हिरव्याच्या भावावर घासाघीस केली. मध्येच जांभळ्याला हात लागला तेव्हा तो 'बाजूला करा हो हा' म्हणून सरकवला, आणि सरकवताना चिठ्ठीवरची दुकानदाराची सांकेतिक अक्षरे वाचून घेतली. ही अक्षरे म्हणजे वाघाचे माग. त्यांवरून मूळ किंमत काढता येते असा आमच्या घरात दृढ समज आहे.

पुराणे ग्रंथ चाळताना आम्हांस याच युक्तीचे वर्णन सापडले. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात पारध्यांच्या पोटभेदांत 'गायके' म्हणून एक वर्ग दिला आहे. हे लोक शिकवलेल्या बैलाच्या आडून चालत हरणाच्या अगदी जवळ जात. हरणाला दिसे तो चरणारा बैल. तो हिरवा शालू म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा बैल होता. (पारध्यांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. रानात तितरांना फासे लावून पोट भरणाऱ्या या लोकांपैकी कित्येकांना इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याखाली जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, आणि ती यादी पुसली जावयास १९५२ साल उजाडावे लागले. बाजारात फासे लावणाऱ्यांची अशी यादी कोणत्याच सरकारने कधी केली नाही.)

सावज टप्प्यात आले. हिरव्यावरून थकलेला दुकानदार आता काहीही देऊन मोकळा होण्याच्या बेतास आला होता. सौभाग्यवतींनी उठण्याची तयारी दाखवली, पदर सावरला, आणि अगदी सहज, जणू काही मागाहून सुचावे तसे विचारले, "अन् तो जांभळा केवढ्याले म्हणत होते?" दुकानदार तोंड उघडणार तोच आम्ही, सकाळपासून प्रथमच, आमचे मत दिले. आम्ही म्हणालो, "वा! जांभळा मात्र फारच सुरेख आहे!"

पुन्हा शिंकलो म्हणा ना.

दुकानदाराने आमच्याकडे ज्या कृतज्ञ नजरेने पाहिले तशी नजर आम्ही त्या सांबराच्या डोळ्यांतही पाहिली नव्हती. त्याने शालू मांडीवर घेतला, हळूच थोपटला, आणि जो भाव सांगितला तो येथे सांगत नाही. सभेत काकांचे चिरंजीव बसले आहेत. अखेरचा उपाय म्हणून सर्व मंडळी उठून बाहेर पडली. उठून जाणे हा या विद्येतील निर्वाणीचा बाण आहे. पायऱ्या उतरताना मागून 'या हो काकू' अशी हाक यावयाची असते. आम्ही दहा जण पायऱ्यांवर कान देऊन उभे राहिलो. हाक आली नाही. राजकमल चौक येईपर्यंत सौभाग्यवती बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "तुमाले घरीच ठिवाले पाह्यजे होतं." काकाही इतके बोलले नव्हते.

आपल्यातील काही तरुण मंडळी म्हणतील की शिकार हा पुरुषांचा उद्योग, मग तुम्ही त्याचे श्रेय स्त्रियांना कसे देता? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॅनियल क्रूगर यांनी २००९ साली एका सहकाऱ्यासह असेच मत मांडले आहे. आदिमानवाच्या काळी स्त्रिया कंदमुळे व फळे वेचीत, पुरुष शिकारीस जात. म्हणून आजही स्त्री दुकानात दहा वस्तू हाताळून, रंगपोत पारखून निवडते आणि पुरुष एका वस्तूवर झडप घालून घरी पळतो, असा त्यांचा आशय आहे. पुरुषाच्या बाबतीत हे खरे मानावयास आमची हरकत नाही. आम्ही स्वतः अकोल्यात सात मिनिटांत सदरा घेतो. तो मापाचा निघत नाही ही गोष्ट निराळी. वेचणाऱ्या स्त्रियाही आम्ही पाहिल्या आहेत. मेळघाटात चैत्राच्या सुमारास कोरकू बाया पहाटेच मोहाची फुले वेचावयास निघतात. कोणते झाड कधी गळते हे त्यांना तोंडपाठ असते. परंतु मोहाचे फूल आपली किंमत वाढवून सांगत नाही. बस्त्याला गेलेली वऱ्हाडातील बाई क्रूगर महाशयांनी पाहिली असती तर त्यांना वेचणे आणि शिकार यांचे निराळे वर्गीकरण करावे लागले असते.

शिकार आणि खरेदी यांचे आणखी एक साम्य ती संपल्यानंतरचे आहे. मेलेल्या वाघाची लांबी मोजण्याच्या दोन रीती होत्या. नाकाशी एक खुंटी व शेपटाशी एक खुंटी मारून सरळ अंतर घ्यावयाचे, किंवा टेप अंगावरून, पाठीच्या चढउतारांवरून न्यावयाचा. दुसऱ्या रीतीने वाघ काही इंच मोठा भरे आणि बड्या पाहुण्यांचे वाघ बहुधा दुसऱ्याच रीतीने मोजले जात. कापडवाल्याच्या गजाची करामत याच्या नेमकी उलट. १९५६ च्या कायद्याने मीटर आला, वार गेला, तो फक्त नऊवारीत उरला. परंतु मोजताना कापड किंचित ताणण्याची कला कोणत्याही कायद्याने गेली नाही. गोष्टी सांगतानाही असेच होते. शिकाऱ्याचा वाघ दरवर्षी चार बोटे वाढतो, आणि गृहिणीच्या पैठणीची किंमत दरवर्षी शंभर रुपयांनी उतरते. आमच्या घरात एक पैठणी अशी आहे की, ती या गतीने आणखी पाच वर्षांनी फुकट मिळालेली असेल.

शिकारी आपली शिंगे, कातडी भिंतीवर लावतो. आहेराची लुगडी मात्र कोणी लावत नाही, आणि बहुधा कोणी नेसतही नाही. ती कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या मांडीवर पडतात. आमच्याकडून एका लग्नात गेलेले मोरपंखी लुगडे अकरा वर्षांनी दुसऱ्या एका लग्नात आमच्याकडेच परत आले. सौभाग्यवतींनी ते कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून ओळखले. मधल्या काळात ते किती घरे फिरले असेल, याचा हिशेब आम्ही दोघे एका संध्याकाळी करीत बसलो होतो. सात घरांनंतर नाती आठवेनात. दरवेळी ते कोणीतरी मानाने दिले, कोणीतरी मानाने घेतले, आणि एकदाही कोणाच्या अंगाला लागले नाही.

इतका वेळ आम्ही ग्राहकास शिकारी मानून चाललो. त्या दिवशी दुसऱ्या दुकानात गेल्यावर मात्र आमचा थोडा गोंधळ झाला. कारण मचाणावर कोण बसला आहे असे पाहू गेले, तर उंच गादीवर दुकानदार होता. दाराशी नटवून उभी केलेली बाहुली कोणासाठी बांधलेली होती? चहा कोणासाठी होता? "काकाजी, घेऊ नका, पाह्याले का पैसे लागतात?" हे मधुर वचन कोणत्या जातीच्या बोलाव्या तितराचे? नागपूर मार्गावर बिझिलँड, सिटीलँड अशी घाऊक कापडाची मोठी संकुले उभी राहिली आहेत. तेथे सबंध गावेच्या गावे हाक्यात सापडल्यासारखी एका दारातून दुसऱ्या दारात जाताना दिसतात. आता तर भ्रमणध्वनीवर आमिष घरपोच येते. रात्री अकरा वाजता सूनबाईंच्या उशाशी ते किणकिणते, आणि हाकेकऱ्यांचीही जरूर उरलेली नाही.

वऱ्हाडच्या माणसाला हा गोंधळ नवा नाही. तो सकाळी कापूस घेऊन बाजारात जातो तेव्हा तो विकणारा असतो, आणि विकणारा असूनही सावजच असतो. जुन्या काळी दलाल व व्यापारी कापडाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी त्या कापडाकडे बाहेरून पाहत उभा राहत असे. कारंज्याला १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, तो असल्याच प्रकारांना आळा घालण्यासाठी. १९२८ साली शाही कृषी आयोगाने तशा नियंत्रित बाजारांची शिफारस सगळ्या देशाला केली. म्हणजे या बाबतीत आपल्या वऱ्हाडाने हिंदुस्थानास धडा घालून दिला, याचा अभिमान आपणांस जरूर वाटावा. पण तोच शेतकरी, तेच पैसे घेऊन, दुपारी त्याच गावात कापूस विकत घ्यावयास येतो. आता तो धुतलेला, रंगवलेला, जरीकाठ लावलेला असतो. तेथे कापडाखालचे हात नाहीत, सर्व काही उघड्यावर चालते, आणि तरी तो पुन्हा बाहेरच उभा असतो.

त्या दुसऱ्या दुकानात आमच्या शेजारच्या गादीवर दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यातले एक कुटुंब बसले होते. आईवडील, नवरी मुलगी, एक आत्या. विहीणबाई आपल्या लोकांसह पलीकडे बसून आपले पसंत करीत होत्या. त्या गठ्ठ्याचे पैसेही इकडूनच जावयाचे होते. वडील भिंतीला टेकून बसले होते. सदऱ्याच्या खिशात अडत्याची पावती घडी करून ठेवलेली दिसत होती, आणि ते मधून मधून खिशावर हात ठेवीत होते. पलीकडे एकेक लुगडे बाजूला पडले की त्यांचे ओठ हलत.

मुलीपुढे विक्रेत्याने एक शालू उलगडला. डाळिंबी रंगाचा होता. आम्हांस कापडातले काही कळत नाही, हे या भाषणात पुरेसे सिद्ध झाले आहे. पण तो शालू उलगडल्यावर आमच्याकडची पोरेही गप्प झाली. मुलीने पदर हातावर घेतला. विक्रेत्याने किंमत सांगितली. वडिलांचा हात खिशावर गेला. मुलगी म्हणाली, "मले नाही आवडला हा रंग. तो पिवळा दाखवा." आत्या म्हणाली, "असं काऊन वं, चांगला तर आहे." मुलगी म्हणाली, "डोयात खुपते."

बोटे मात्र तिने पदरावरून काढली नव्हती.

आमच्या सौभाग्यवती ज्या विद्येत पारंगत आहेत, तीच ही विद्या. हवे ते नको म्हणावयाचे, नजर दुसरीकडे वळवावयाची, वारा लागू द्यावयाचा नाही. फरक इतकाच की त्या वारा राखतात तो दुकानदारापासून, आणि या मुलीने राखला तो वडिलांपासून. सौभाग्यवतींनी ते तात्काळ ओळखले. हातातले काम सोडून त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. मग आमच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तिले तोच पाह्यजे होता." वडिलांना ते कळले की नाही हे आम्हांस सांगता येत नाही, ते त्या वेळी रस्त्याकडे पाहत होते. पिवळा शालू बांधला गेला. त्यानंतर मानाची लुगडी काढावयास सुरुवात झाली, तेव्हा आत्याने यादी उघडली, आणि ती यादी आमच्या यादीइतकीच लांब होती.

आम्ही आमच्या पहिल्या दुकानात परत गेलो, जांभळ्याचे सांगितले ते पैसे मुकाट्याने दिले आणि मानाची लुगडी घेतलीच नाहीत. हा निर्णय सौभाग्यवतींनी पायऱ्या चढता चढता घेतला. तीन घरी त्यावरून बोलणी झाली, एका घरचे अजून बोलत नाहीत. घरी पोचल्यावर शालूची किंमत आमच्या वहिनींनी विचारली तेव्हा सौभाग्यवतींनी जो आकडा सांगितला तो ऐकून आम्हांस ठसका लागला. अकोटचे ते मटण सांबराचे म्हणून खपवणाऱ्या आमच्या काकांचा आत्मा त्या क्षणी संतुष्ट झाला असेल.

दुपारच्या ठरावात तीन कलमे आहेत. बस्ता वधूवर व त्यांचे आईवडील यांच्यापुरताच असावा, मानाची लुगडी दोन्ही पक्षांनी बंद करावी, आणि प्रत्येक पक्षाने आपल्या कापडाचे पैसे आपण द्यावेत. ठराव वाचून दाखवण्याचे काम चिटणिसांचे आहे, आमचे नव्हे. मतदान हात वर करून होईल. आमच्या सौभाग्यवती समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि आता मुद्दाम दाराकडे पाहत आहेत. त्यांचा हात कोणत्या कलमाला वर जाईल हे त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांस मुळीच कळत नाही. आम्ही बसतो.